खंडेनवमीची कार्डं

राधाकृष्ण म्हसे म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. नगरच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा, आणि पोरांनी फळ्याकडे नीट पाहिलं नाही एवढ्यावरूनही त्याचं डोकं फिरायचं. पण १९७१च्या दसऱ्यानंतर तो जितका भडकला, तितका कधीच भडकला नव्हता.

बॅटरीतलं जस्त किती वेगानं खर्ची पडेल, हे प्रयोगाआधीच गणितानं सांगता यावं, असा त्याचा ध्यास. त्यातली आकडेमोड हातानं होण्यातली नव्हती. म्हणून ते गणित भोकं पाडून ज्यांवर उतरवलं होतं, त्या कार्डांची चळत पुण्याच्या कॉम्प्युटरला घालायची होती. मोठ्या मिनतवारीनं पाळी मिळाली होती. मार्गदर्शक सर वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते. त्याआधी उत्तर हाती आलं नाही, तर सात वर्षांची पीएच.डी. बोंबललीच.

खंडेनवमीला तो देवळाली प्रवऱ्याला घरी आला, फडक्यात बांधलेली चळत कोनाड्यात ठेवली आणि मळ्यात गेला. त्याची आई भिमाबाई नांगर, विळे, कुऱ्हाडी पूजेला मांडत होती. शेती करणाऱ्या थोरल्या लेकाचं अवजार मांडलं, मग या धाकट्याचं का नको? तिनं फडकं सोडलं, एकेका कार्डाला ओल्या हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि वाळायच्या आतच चळत होती तशी बांधून ठेवली.

पुण्यात कार्डं एकमेकांना चिकटून यंत्रात अडकली. काही फाटलीही. ऑपरेटर सगळ्यांदेखत खेकसला, "देऊळ वाटलं का हे तुम्हाला?" पाळी गेली. पुढची थेट उन्हाळ्यात.

राधाकृष्ण मिळेल त्या एसटीनं घरी आला आणि दारातूनच त्यानं फडकं आईपुढे आपटलं. शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "वाटोळं केलंस माझं! कुनी सांगितलं हुतं हात लावायला? सात वर्सं मरमर मेलो मी!"

भिमाबाईही काही गरीब गाय नव्हती. हातातलं सूप तिनं दाणकन खाली ठेवलं.

"वरडू नगंस. मलाबी वरडता येतं. ह्ये काय हाय म्हनून किती डाव इचारलं तुला? दर डावाला म्हनलास, तुला न्हाई कळायचं. मंग न कळता केलं, तर आता माझ्यावर कशाला वरडतोस?"

खाली बसून तो कार्डं गोळा करू लागला. राग तसूभरही उतरला नव्हता. तो आईवर काढायची सोय मात्र राहिली नव्हती.