स्वस्त पंपावरची शकुबाई

शकुबाई मोपेड ढकलत माझ्या गॅरेजात शिरली की मला घाम फुटतो. गोंडपिपरीत वीस वर्षं मी गाड्या खोलतोय, पण ऑइलचा डबा उलटा टाकून त्यावर बसणारं आणि काम संपेपर्यंत माझ्या बोटांवर नजर ठेवणारं गिऱ्हाईक एकच. तिनं मोपेडच्या प्लगला आणि कार्बोरेटरला सुनेच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके लावून ठेवलेत. मी तिचा चांगला पार्ट काढून दुसऱ्याचा जुना बसवीन, ही भीती.

"धनराज, तू तसा नाई," असं वर म्हणते, "पन जमाना तसा आहे."

तिचा नवरा इस्तारी तलावात मासे धरतो आणि ती ते आजूबाजूच्या गावांत विकते. पूर्वी टोपलं डोक्यावर घेऊन दोन गावं व्हायची, मोपेड आल्यापासून सात होतात. बर्फातल्या मासोळ्यांचा टब ती पुढच्या मोकळ्या जागेत, अगदी पेट्रोलच्या टाकीला टेकवून ठेवते. मागं ठेवला तर कोण हात घालील याचा नेम नाही, म्हणून. आणि रोज दोन वेळा झाकण उघडून टाकीत काडी बुडवून बघते, पेट्रोल कोणी काढलं तर नाही ना.

अशा बाईच्या गावात स्वस्त पेट्रोलचा पंप निघाला. सकाळी आठच्या आत याल तर लिटरमागे दोन रुपये कमी. सगळ्या गावाला शंका. कोणी म्हणे रॉकेल मिसळतात, कोणी म्हणे इंजिन सहा महिन्यांत बसतं. मीही चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगत होतो, की स्वस्त पेट्रोल म्हणजे इंजिनाला विष. पुरावा काय? काही नाही. मेकॅनिक बोलला म्हणजे लोक ऐकतात, आणि ते मला आवडतं.

शकुबाई मात्र स्वतः तपासायला गेली. पेपरावर थेंब टाकून डाग राहतो का पाहिलं. पाच लिटरचं माप तीनदा भरायला लावलं. पंपावर नंदिनी होती, बांबूकाम करणाऱ्या इतवारीची मुलगी, बारावी झालेली. त्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच. न चिडता तिनं तिन्ही वेळा माप भरून दाखवलं. शकुबाईनं तोंड वाकडं केलं आणि तिथंच पेट्रोल भरायला लागली.

तीन आठवडे बरे गेले. मग मे महिन्याच्या उन्हात मोपेड आचके देत रस्त्यात बंद पडली. टबभर मासोळी नासली, नाल्यात फेकावी लागली. गाडी ढकलत, घामानं निथळत ती गॅरेजात आली. मी कार्बोरेटरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. वर पेट्रोल, तळाला बोटभर पाणी.

"पाह्य! मी म्हनलं होतं ना!"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. "पंपाचंच पानी, बाई," मी ठासून म्हणालो. "दुसरं कुठून येईन?"

ती बाटली घेऊन शकुबाई ऐन गर्दीत पंपावर गेली आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या नाकासमोर धरली. मॅनेजरनं सगळ्यांसमोर जमिनीतल्या टाकीत तपासणीची कांडी घालून दाखवली, पाणी निघालं नाही. पण तोवर चार मोबाइलांत व्हिडिओ निघाले होते. आता पंपाचं नाव वाचवायचं तर कोणाच्या तरी माथी मारायलाच हवं. "सकाळची तपासणी हिच्याकडंच असते," मॅनेजर म्हणाला आणि नंदिनीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

शकुबाई पुन्हा जुन्या पंपावर, पूर्ण भावाचं पेट्रोल भरू लागली. आठव्या दिवशी मोपेड परत बंद. परत पाणी.

या वेळी मी टाकीचं झाकणच नीट पाहिलं. आतली रबरी चकती रोजच्या उघडण्या-लावण्यानं तुकडे होऊन गेलेली. दिवाळीत मी तिला ती बदलायला सांगितलं होतं. हा बिल वाढवतो, असं समजून तिनं नाही म्हटलं, आणि पुढं मीही विसरलो. टबातलं बर्फाचं पाणी थेंबथेंब थेट टाकीत जात होतं. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि त्याच्यासकट तळाला बसतं. त्याला स्वस्त पंप काय आणि महाग काय. टाकीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक खवला चिकटला होता. मी तो बोटावर घेतला.

मला वाटलं, आता म्हणेल तूच चिकटवला. तिनं तो माझ्या बोटावरून उचलून उजेडात धरला.

"रोहूचा आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंपावर गेली, मागोमाग मीही. रांगेसमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "पानी माह्या मासोळ्यायचं होतं. पंपाचं नाई, पोरीचं नाई." मॅनेजर खूश झाला. याचाही व्हिडिओ काढा म्हणाला.

"पोरीले बलाव."

"आता दुसरा मानूस ठेवला, बाई."

शकुबाईनं टब उतरवून हवा भरायच्या यंत्राजवळ उन्हात ठेवला आणि शेजारी बसली. अकरापर्यंत बर्फ गेला. एकच्या सुमारास गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून न थांबताच पुढं जाऊ लागलं.

"बाई, माल वाया चालला," मी म्हणालो.

"जाऊ दे."

दोन वाजता मॅनेजरनं फोन केला. नंदिनी आली, पण लांबच उभी राहिली. उद्यापासून ये, असं त्यानं सांगितल्यावरही तिचा चेहरा फुलला नाही.

"नोकरी भेटली, बरं झालं," ती शकुबाईला म्हणाली. "पन बाबा रोज जेवताना विचारते, पोरी, खरंच तू काई नाई केलं ना?"

मला मान वर करवेना. शकुबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चाल. पयले तुया बापाकडं जाऊ."

इतवारी अंगणात बांबू सोलत बसला होता. शकुबाईनं पाण्याचा गडूही घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "इतवारीभाऊ, तुमची पोरगी खरी आहे. खोटी मी होती."

"आन मीबी," मी पुटपुटलो.

इतवारीनं हातातला कोयता खाली ठेवला. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "माही पोरगी तसं कराची नाई."

"मंग रोज काऊन विचारत होते?" नंदिनी म्हणाली.