तिसरं कोटेशन

बाबांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते आणि माझ्याकडे अजून कॅमेरा नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या टेबलापाशी, त्यांचा एक नीट फोटो मला काढायचा होता. त्या खोलीतली ट्यूबलाइट इतकी मरतुकडी, की मोबाइलवर सगळं करडं आणि दाणेदार यायचं. कमी उजेडात मोठ्या सेन्सरचा, फुल-फ्रेम कॅमेराच हवा, असं सगळे सांगत. सगळे म्हणजे यूट्यूबवरचे, ज्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. एक म्हणे जुनं मॉडेल घे, दुसरा म्हणे बॉडी स्वस्तात घेशील, पण लेन्स रडवेल. गुडगावला नोकरीवर जाता-येता मी मेट्रोत तेच व्हिडिओ पाहायची. चुकीचा घेतला तर? तो दिवस काही पुन्हा येणार नव्हता.

त्यात बाबा. सरकारी खात्यात आयुष्यभर खरेदीच्या फायली पाहिलेला माणूस. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मिक्सरसुद्धा तीन दुकानांची कोटेशनं घेऊन आला होता. कॅमेरा माझ्या पगारातून, पण फाइल त्यांची. दोन कोटेशनं आली, तिसरं काही येईना.

"बेटा, घाई कशाला? प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर."

"बाबा, तुम्ही रिटायर व्हाल, तुमची प्रोसीजर नाही होणार!"

त्यांनी दोन्ही कोटेशनं पुन्हा फाइलला लावली. मला लगेच वाईट वाटलं, पण सॉरी म्हटलं नाही.

चार दिवस उरले तेव्हा मी त्यांना ओढतच चांदनी चौकातल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने मागच्या पिढीतला एक फुल-फ्रेम माझ्या हातात दिला, सोबत एक साधी लेन्स. बाबांनी काउंटरवर कागद पसरला, चष्मा नाकावर घेतला आणि पट्टीशिवाय सरळ रकाने आखले. मी चाचणी म्हणून कॅमेरा त्यांच्यावरच रोखला. या दुकानाचा धरून तिन्ही दर लिहून झाले. हाच सगळ्यात परवडणारा होता. खाली सहीची जागा. पेन तिथे टेकलं आणि पुढे जाईना.

तेव्हा मला कळलं. ही त्यांची शेवटची फाइल होती, आणि ती त्यांना बंद करायची नव्हती. मी इतके दिवस स्वतःच्याच भीतीत होते.

"बाबा," मी कॅमेरा खाली घेत म्हटलं, "चौथं कोटेशन मागवू या का?"

"नियमात तीनच आहेत," ते म्हणाले, आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.