लॅटिनवाले काका आणि त्यांचं सेक्वोर

धारमध्ये लॅटिन शिकवणारा माणूस होता, यावर माझ्या देवासच्या सासरी अजून कोणी विश्वास ठेवत नाही. न ठेवोत. आमच्या गल्लीत तो राहत होता. हातात भाजीची पिशवी घेऊन काका रस्त्याने मोठ्याने क्रियापद चालवीत जात: सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्विटुर. मी मागे जातो, तू मागे जातोस, तो मागे जातो. भाजीवाला विचारायचा, "काकासाब, आज कौनसा मंतर?" लोक हसत, आणि लोक हसले की काकांचा आवाज आणखी चढे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना झाडांच्या नावांचा पिच्छा पुरवत ते लॅटिनपर्यंत पोचले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या आम्हां चार मुलींना ओट्यावर बसवलं. आमची शाळा हिंदी, घरातली मराठी अर्धीमुर्धी, त्यात हे आणखी एक. "पण काका, हे एग्जाममध्ये तर येतच नाही," असं मी एकदा म्हटलं. "म्हणूनच शिकवतो," ते म्हणाले.

सेक्वोर त्यांचं फार लाडकं. लॅटिनमध्ये काही क्रियापदं दिसायला कर्मणी आणि अर्थाने कर्तरी असतात, त्यांतलं हे एक. "वेश सोसणाऱ्याचा, काम करणाऱ्याचं," असं ते सांगत. या क्रियापदांनी आपला जुना कर्मणी अर्थ टाकून दिला, असं त्यांच्या पुस्तकात छापलेलं होतं. काकांनी त्यावर पेन्सिलीने काट मारली होती. टाकलंबिकलं काही नाही, आपल्या संस्कृतातलं सचते, म्हणजे मागे जातो, हे त्याचं सख्खं भावंड, दोघांनीही जुन्या घरची आत्मनेपदाची रीत टिकवली, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे एक गृहस्थ एकदा त्यांना समजवायला आले की मुलींना संस्कृत शिकवा, परकी भाषा कशाला. काकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "भावाला परका म्हणणाऱ्या घरात मी जेवत नाही." त्या दिवसापासून ते खरंच त्यांच्याकडे जेवले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी काकांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. साधं पाणी मागता येईना. मुलगा इंदूरला असतो. धारचं घर बंद करून त्यांना फ्लॅटवर न्यायचं त्याने ठरवलं. "बाबा काही म्हणत नाहीत, म्हणजे त्यांना मान्यच आहे," असं त्याने मला फोनवर सांगितलं. मला असा संताप आला की त्याच रविवारी मी देवासहून बस पकडली.

काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी सेक्वोर म्हटलं. त्यांचे ओठ हलले आणि सहाही रूपं न अडखळता बाहेर पडली. मी रडले. बोलण्याचा सराव घ्यायला येणारी ताई म्हणाली की असं होतं, वर्षानुवर्षं घोकलेलं कधी कधी शाबूत राहतं. मग तिने तेच धरलं. काकांनी सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुंटुर म्हणायचं आणि ती लय तुटण्याआधी तिने प्रश्न टाकायचा. पाणी की चहा? उत्तर येत नसे. रविवारमागून रविवार गेले, काका घामाघूम होत, पण त्यांनी सराव एक दिवस सोडला नाही.

न्यायची गाडी आली त्या दिवशी मी तिथेच होते. मुलाने आपलं रीतीपुरतं विचारलं, "चलायचं ना बाबा? गाडी खडी आहे." काका सहा रूपं पुटपुटले. मुलगा पिशवी उचलायला वाकला.

"नाही," काका म्हणाले.

बाबांना कळत नाहीये, असं मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला. काकांनी डाव्या हाताने त्याची बाही पकडली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "नाही. मी. इथे."

गाडी रिकामी परत गेली. काका गेल्या वर्षी वारले, धारला, आपल्या खाटेवर. लकव्यानंतर त्यांना पुरते वीस शब्दही परत मिळाले नाहीत. पण त्यांतला पहिला ‘नाही’ होता, आणि तो ऐकायला मी हजर होते.