जेवण झालं की पळणारी गाडी

पुण्याहून निघताना गाडीत आम्ही तिघं होतो: मी, माझी बायको सुनंदा आणि तिनं भंगारवाल्याला दिलेला शब्द. शब्द असा, की लासुर्ण्याला माझ्या आक्काकडे जाऊन येईपर्यंत गाडी नीट चालली तर ठीक, नाहीतर आम्ही परतलो की त्यानं ती उचलून न्यावी.

गाडी जुनी, डिझेलची, टर्बोवाली. ऐन तारुण्यात ती अशी पळायची, की खंबाटकीच्या घाटात पुढच्या वळणावर मला माझ्याच गाडीची मागची बाजू दिसायची. सुनंदा म्हणते, हे साफ खोटं आहे. पण ती तेव्हा डोळे गच्च मिटून बसलेली असायची, तिला काय ठाऊक!

दिवाळीपासून मात्र गाडीतला दम गेला होता. पुण्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी तिला ठेवून घेतलं, एकेक चक्कर मारली आणि ‘काही नाही साहेब, मस्त आहे’ म्हणून परत दिली. गावातल्या गावात ती खरंच मस्त असायची. लांबच्या रस्त्याला लागलं की ढेपाळायची. सुनंदाचं मत, गाडी म्हातारी झाली. माझं मत, म्हातारपण हा काही बिघाड नव्हे. नेमकं बिनसलंय काय, ते कळल्याशिवाय मी तिला तोडायला देणार नव्हतो.

पाटस मागे पडलं आणि तिनं मान टाकली. रस्ता पाटासारखा सपाट, पण पाय तळाला टेकवला तरी वेग वाढेना. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत आम्हाला मागं टाकून गेला. त्याच्या मागून एक बैलगाडी गेली. तिच्या डावीकडच्या बैलानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून चाल जरा कमी केली. सुनंदा सांगेल की ट्रॅक्टर समोरून येत होता आणि बैलगाडी झाडाखाली सोडलेली होती. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

डाळजला हायवेच्या कडेच्या एका खाणावळीसमोर गाडी लावली. मागच्या बाजूला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला, आणि पार पलीकडे पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित पक्षी. तव्यावर चिलापी (उजनीच्या पाण्यातला चपटा, काटेरी मासा) तडतडत होती. खाणावळीचे मालक सर्जेराव तात्या बोनेट उघडलेलं पाहून कालथ्यासकट बाहेर आले.

“काय झालंय?”

“ओढत नाही.”

तात्यांनी इंजिनाला कान लावला. “आमच्या आज्याच्या पाचशे मेंढ्या व्हत्या. कुठलीला धाप लागली ते त्यो झोपंत सांगायचा. ही मेंढी नाक चोंदल्यामुळं मागं पडतीया.”

“तुमची मेंढरं डिझेलवर चालायची का हो?” सुनंदानं विचारलं.

“ताई, श्वास सगळ्यांचा सारखाच.”

त्यांनी हवेची जाळी काढली आणि भिंतीवर आपटली. तिच्यातून एवढी माती निघाली की तिच्यात एक एकर कांदा सहज आला असता. मग आम्ही जेवायला बसलो. चिलापीचे काटे निवडून खायचे तर घाई करून चालत नाही, त्यामुळं उठायला चांगलाच उशीर झाला. गाडी चालू केली आणि काय सांगू, ती सुटली! तात्या इतक्या अभिमानानं बघत होते की मी खिडकीतून त्यांना नमस्कारच घातला.

इंदापूरच्या अलीकडं गाडी पुन्हा मेली.

इंदापुरात राजू नावाच्या तरण्या मिस्त्रीकडे स्कॅनर होता. गाडीला वायर लावली की तिच्या पोटातलं दुखणं पडद्यावर दिसतं, असं ते यंत्र. राजूनं पडदा पाहून आधी भुवया वर केल्या, मग खाली आणल्या.

“हवा कमी पोचतीय म्हणतंय.”

“का कमी पोचतीय?”

“ते न्हाय सांगत. यंत्र हाय, सासू न्हाय.”

त्यानं हवा मोजणारा सेन्सर काढून फवारा मारून धुतला. तोवर आम्ही शेजारच्या गाड्यावर ओली भेळ खाल्ली. इंदापूरच्या भेळेत मिरची अशी, की दुसऱ्या घासाला मला माझे कैलासवासी आजोबा दिसले आणि तेही पाणी मागत होते. गाडी चालू केली. पुन्हा वाघ! राजूनं स्कॅनरला प्रेमानं थोपटलं.

लासुर्ण्याच्या उसात शिरता शिरता वाघाचं पुन्हा मांजर झालं. दोन्ही बाजूंना माणूसभर उंच ऊस, हवेत गुऱ्हाळाचा गोडसर वास आणि मधून आमची वरात. गावातलं एक कुत्रं आमच्यावर भुंकायला धावत आलं आणि आमचा वेग पाहून नुसतंच सोबत चालायला लागलं. ते कुत्रं मात्र सुनंदालाही मान्य आहे.

आक्कानं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या कडबोळ्यांची झणझणीत आमटी) केले होते. आक्काचे यजमान रंगराव, म्हणजे आमचे दाजी, ताटावर बसायच्या आधीच गाडीभोवती फेरी मारून आले.

“दिवाळीत हितं उंदरानं हिची नळी कुरतडली व्हती, ध्यानात हाय का? तुमी झोपला व्हता. मी दोन मिनिटांत नवी नळी घातली. त्या दिवसापासून ही गाडी चालतीया ती माझ्यामुळं!”

“चालत नाही ना, दाजी. तेच तर दुखणं आहे.”

“जेवा आधी. मग दावतो.”

जेवून, पान खाऊन, आक्काच्या हुलग्यांचं कौतुक करून झाल्यावर दाजी स्वतः गाडीत बसले आणि मळ्यापर्यंत तुफान वेगानं जाऊन आले. एक कोंबडी अजून परत आलेली नाही म्हणतात. “मी हात लावला की चालतीया,” दाजी उतरत म्हणाले. आक्का ओसरीवरून म्हणाली, “तुमी हात लावला की हिरीवरची मोटर मातूर जळती.”

सुनंदा या सगळ्यात नव्हती. ती पायरीवर बसून कुठं तरी बघत होती. ज्या बाईला गाडी जायला हवी होती, तिच्या तोंडावर भाजीत आपण मीठ घातलं की नाही, हे आठवताना येतो तसा भाव होता.

“डाळजला मासे खाल्ले, गाडी पळाली,” ती म्हणाली. “इंदापूरला भेळ खाल्ली, गाडी पळाली. इथं शेंगोळे खाल्ले, गाडी पळाली. जेवतोय आपण आणि अंगी हिच्या लागतंय?”

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

“अहो, जाळी नाही, सेन्सर नाही आणि दाजींचा हातही नाही. आपण थांबलो की ती गार होते आणि गार झाली की बरी होते. काही तरी गरम झाल्यावर बिघडतंय. पुण्यात गॅरेजवाले तिला उभी करून ठेवतात. गार गाडीत त्यांना काय सापडणार?”

तात्या, राजू, दाजी, प्रत्येकानं उपचार केला आणि प्रत्येकाचा लागू पडला. गुण मात्र आमच्या खाण्याचा होता! मी हे नुकतंच ओळखणार होतो, असं सांगायला तोंड उघडलं. पण सुनंदानं बघितलं आणि मी मिटलं.

“मंग बारामतीजवळ जळोचीच्या युनूस मिस्त्रीकडं चला,” दाजी म्हणाले. “गरम गाडी त्याच्या म्होरं उभी करू. वाटंत कुठं थांबायचं न्हाय.”

हे बोलणं सोपं होतं. लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत दाजींना न ओळखणारा माणूस सरकार शोधतंय, अजून सापडलेला नाही. वाटेत प्रत्येक चौकात कुणी ना कुणी हात करतंय, “रंगराव, च्या घेऊन जावा!” आणि आमच्या भागात चहाला हाक मारणाऱ्याला न थांबता जाणं म्हणजे वर्षभराचा अबोला. पहिल्या दोन हाकांना दाजींनी जीव मुठीत धरून मान दुसरीकडे केली. तिसरीला त्यांचे व्याहीच उभे दिसले, तेव्हा ते सरळ सीटखाली गेले आणि तिथून म्हणाले, “गेलं का?” गाडी तोवर पुन्हा गळपटलेली, त्यामुळं व्याही जायला पुष्कळ वेळ लागला.

जळोची आता निम्मं शेत आणि निम्मं बंगल्यांचं झालंय. एका नव्या बंगल्याला खेटून युनूसभाईंचं गॅरेज. दारात ट्रॅक्टर, मोटारी आणि एक शेळी.

“बंद करू नका!” सुनंदा मला ओरडली आणि युनूसभाईंना सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, ही गोष्ट मिस्त्री जमातीत मी पहिल्यांदा पाहिली. मग त्यांनी बोनेट उघडलं.

“बघा ताई, टर्बो म्हंजी धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्यो इंजिनाच्या नरड्यात जादा हवा कोंबतो. त्येला कामाला लावतो ह्यो दांडा. आणि दांड्याला वढती एक बारीक नळी, तोंडानं उसाचा रस वढावा तशी. रेस द्या.”

मी रेस दिली. दांडा जागचा हलला नाही. युनूसभाईंनी बोटानं नळी चाचपत नेली, मधे थांबले आणि एकदम हसायला लागले.

“कोण ह्यो शाणा? आरं, टर्बोला ठिबक बसवलंय की!”

ती रबराची नळी नव्हतीच. ऊस-डाळिंबाला थेंब थेंब पाणी देणाऱ्या ठिबकची काळी बारीक नळी होती. गरम इंजिनाशेजारी ती मऊ पडून वाळल्या शेंगेसारखी चपटी झाली होती.

“डाळिंब लावायचं व्हतं का बोनेटात? कुठल्या गाढवानं...”

माझी नजर दाजींकडे गेली. दाजी शेळी बघत होते. इतक्या बारकाईनं शेळी कुणी विकत घेतानाही बघत नाही. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याची चूक काढणं म्हणजे देवळात जाऊन देवाचं नाक वाकडं आहे म्हणणं. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण नेमक्या त्या वेळी एक म्हणून सुचेना.

बोलली सुनंदा. “युनूसभाई, ती नळी बसवली नसती ना, तर दिवाळीला आम्ही गाडी टाकून एसटीनं गेलो असतो. दाजी होते म्हणून घरी पोचलो.”

युनूसभाईंनी एका क्षणात गाढव गिळलं. “मंग बराबर हाय. रानात दुसरं काय घावणार!”

दाजींनी शेळी सोडली. हळूच येऊन नळी हातात घेतली आणि मला वाटलं आता रागावणार. ते म्हणाले, “पर गार झाल्यावर फुगती कशी परत?”

आणि मग आम्ही चौघांनी जे केलं, ते कुठल्या गॅरेजात झालं नसेल. युनूसभाईंनी चहा मागवला. नळीचा तुकडा कापून धुतला आणि कढत चहात बुडवला. दाजींनी एक टोक बोटानं दाबलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. नळी चपटी! दाजींचे गाल आत, डोळे बाहेर. मग ती गार पाण्यात. दाजींनी पुन्हा ओढलं. नळी ताठ! पुन्हा चहात. सुनंदानं ओढून पाहिलं, मी पाहिलं, पोचवायला आलेल्या चहावाल्यानंही पाहिलं.

“पाण्याला आतून रेटा असतुया,” दाजी स्वतःशीच बोलले. “हितं उलटं हाय. हितं वढ हाय.” एवढं म्हणून त्यांनी तो चहा पिऊनही टाकला.

युनूसभाईंनी जाड रबराची नळी बसवली. सुनंदा म्हणाली, “परतीला मी चालवणार. शब्द मी दिलाय, परीक्षा मीच घेणार.” दाजींना लासुर्ण्याची जीप मिळवून दिली आणि आम्ही निघालो.

ती कुठंच थांबली नाही. चहाला नाही, पाण्याला नाही, माझ्या विनवण्यांना नाही. थांबलो तर पुरावा गार होईल, म्हणाली. पाटस आलं, गेलं. ट्रक मागे पडले, बस मागे पडल्या, आणि कुरकुंभहून आलेली एक नवी कोरी मोटार तर आम्ही इतक्या झपाट्यानं मागे टाकली की तिचा रंग मला सांगता येणार नाही. मी डोळे गच्च मिटून बसलो होतो.

घरी पोचल्यावर तिनं भंगारवाल्याला फोन लावला. “गाडी द्यायची नाही,” एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

दोन दिवसांनी आक्काचा फोन. दाजींनी गावात सांगितलं होतं, की पुण्याच्या गॅरेजांना जमलं नाही ते त्यांनी चहाच्या पेल्यात शोधून काढलं. थापा हा आमच्या घराण्याचा धंदा, त्यामुळं मला दाजींचं कौतुकच वाटलं. शिवाय विचार केला तर त्यात खोटं थोडंच आहे? आम्ही सगळे गाडीचं काय बिघडलं ते विचारत फिरत होतो. ती बरी कधी होते, हे एकटी सुनंदा बघत होती, आणि नळी परत फुगते कशी, हे फक्त दाजींनी विचारलं. मला वाटतं, दुखण्यापेक्षा बरं होण्याकडे नीट पाहिलं तर पुष्कळ गाड्या वाचतील, आणि काही माणसंही.

गाडी आता राहिली. पण चालवायला मिळत नाही. सुनंदा म्हणते, तिला आणखी थोडी तपासायची आहे.