झबल्याखाली लपवलेला फॉर्म

गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी अंधेरीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. शाळा सोडलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, अगदी लग्न झालेल्या, मूल असलेल्या मुलीलाही, अशी सूचना दरवर्षी आमच्या फलकावर लागायची. म्हणजे सूचना शाळा सोडलेल्यांसाठी, आणि ती वाचायला शाळेत यायचं! मी हे मुख्याध्यापकांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे लावलीय ना?" माझं डोकं तडकलं. पण तडकून तरी मी त्या फलकापलीकडे कधी गेले होते? नव्हतेच.

गेले ती एका मुलीमुळे. नववीत ती पहिल्या बाकावर बसायची, गणितं तोंडी सोडवायची आणि वहीत उतरवायचा कंटाळा करायची. वडिलांची गिरणी बंद पडली, आईवडील कोकणात परत निघाले आणि जाताना सोळाव्या वर्षी तिचं लग्न उरकून गेले. मी जाऊन भांडायला हवं होतं. मी नुसती चुकचुकले. पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तिच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं, साकीनाक्याजवळच्या चाळीतून. माहेर लांब, म्हणून बाळंतपणही सासरीच झालं होतं.

मी झबलं-टोपडं घेतलं आणि घडीत फॉर्म सरकवला. मुदत संपायला आठवडा उरला होता. पाळण्याभोवती बायका गात होत्या तेव्हा मी तिच्या कानाशी लागले. "झबल्याखाली बघ. सासूला दाखवू नकोस." सासू मालवणकडची, धिप्पाड, सगळ्यांना दटावत घुगऱ्या वाटत होती. हिला कळलं की वाट लागली, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच सासू शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. हातात फॉर्म.

"बाई, ह्यो कागद लपवून कित्याक दिलात?"

मी काहीतरी जुळवायला लागले. तिने ऐकूनच घेतलं नाही. "वाण्याकडसून वाचून घेतलंय मी. परीक्षेचो कागद तो, चोरीचो माल न्हय. माका सांगूक काय झाला तुमका?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुख्याध्यापकांवर तणतणणारी मी, या बाईला मात्र एक शब्द न विचारता दोषी ठरवून मोकळी झाले होते. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"पेपर किती वेळाचो?"

"तीन तास."

"मगे पोर दूध कधी पितला?"

हा प्रश्न सूचनेत नव्हता आणि माझ्याही डोक्यात नव्हता. मार्चमध्ये बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असणार होतं.

शाळा सोडल्याचा दाखला आम्ही त्याच दिवशी काढला. फॉर्म मुदतीत गेला. मग दर शनिवारी दुपारी मुलगी माझ्याकडे गणिताला यायची आणि बाळ सासूकडे राहायचं. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं. तिथल्या केंद्रप्रमुख बाईंच्या मी इतक्या विनवण्या केल्या की शेवटी त्या हसल्या आणि तयार झाल्या. बाळाने आजीसोबत जिन्याखालच्या खोलीत थांबायचं, मुलीने पर्यवेक्षिकेसोबत पाजायला दहा मिनिटं यायचं, गेलेला वेळ भरून मिळणार नाही.

मराठीच्या पेपरला माझीच तिथे ड्यूटी होती, म्हणून सोबत मी गेले. तिची बोटं शाईने माखली होती. बाळ आईला बघून खिदळलं, पिता पिता थांबून तिच्याकडे बघत राहिलं. कसली घाई त्याला! दहा मिनिटं झाली तरी सोडेना. तिचे डोळे भरून आले.

"आई, पोट नाही भरलं त्याचं. राहू दे पेपर."

सासूने पोर ओढूनच घेतलं. त्याने भोकाड पसरलं.

"ह्याका मी बघतंय. रडान रडान गप होतलो तो. तुझो पेपर कोण लिवतलो? जा गो, धाव!"

पदर खोचत ती व्हरांड्यातून धावत सुटली, आणि चाळिशीची मी तिच्यामागून. वर्गाच्या दारापर्यंत बाळाचं रडणं आम्हा दोघींच्या कानावर येत होतं. ती बाकावर बसली, हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले आणि लिहायला लागली.