चौथं ताट

एम.ए.ला मी अमेरिकेचं परराष्ट्र धोरण हा विषय घेतला, तो निव्वळ मार्क मिळतात म्हणून. दिवसभर बोईसरला बारावीची पोरं हाकायची आणि माहीमला घरी येऊन वॉशिंग्टनच्या काळज्या वाहायच्या, असा माझा उद्योग. बाबांचा जन्म मासेमारीत गेला. ते चिडवायचे, "त्याना अक्कल द्यायला तूच रायलीस काय?"

धाकटा भाऊ तेलाच्या जहाजावर खलाशी. आखातात तणाव वाढला तेव्हा त्याचं जहाज नेमकं तिकडेच होतं. मोबाइलवर जहाजं दाखवणाऱ्या नकाशावर मला ते ठिपक्यासारखं दिसायचं. एका सकाळी तो ठिपका होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे थांबला, तो थांबलाच. भावाचा फोनही लागेना. हल्ल्याच्या भीतीनं जहाजं आपला ठावठिकाणा कळवणं बंद करतात, हे मी वाचलं होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बत्त्या मालवून चालला आसल." आईला आम्ही काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, आणि मला त्याचंच जास्त भय वाटलं.

त्याच आठवड्यात निबंध द्यायचा होता: इराणबाबत अमेरिकेपुढचे पेच. हल्ला केला तर युद्ध भडकणार, गप्प बसलं तर मित्रराष्ट्रांचा भरवसा उडणार. दोन्ही बाजू नीट तोलून मांडायच्या. रविवारी सकाळी लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता 'व्यापारी जहाजांची काही हानी गृहीत धरावी लागेल' असं वाक्य उतरलं. कुठल्या पुस्तकातलं नव्हतं, माझंच होतं. पुन्हा वाचलं. खोडलं, तरी डोक्यातून जाईना.

तशीच उठून जेवणं वाढायला घेतली. भात, बोंबलाचं कालवण. भान आलं तेव्हा चार ताटं वाढून झाली होती आणि घरात आम्ही तिघंच.

आमच्याकडे बाहेरगावी असलेल्या माणसाचं ताट वाढत नाहीत. घरात नसलेल्याचं ताट वाढायचं ते फक्त गेलेल्यांसाठी.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी ताट उचलायला वाकले तर तिनं माझा हात धरला.

"रावदे. ते पन माझंच हाय."

ती आपलं ताट जेवली, मग ते चौथं ओढून घेतलं आणि तेही जेवली, शेवटच्या शितापर्यंत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी जेवत राहिली. बाबा मान खाली घालून बसले होते. मला माझा, त्या निबंधाचा, सगळ्या जगाचाच राग आला.

पुढे ठिपका हलला. फोनही आला. "रेंज नव्हती," एवढंच भाऊ म्हणाला. निबंधाला मार्क चांगले पडले.

तो सुट्टीवर आला त्या दुपारी मी पुन्हा चार ताटं मांडली. तो भुकेला होता, आधीच बसला होता. आई भाताचं भांडं घेऊन त्याच्यासमोर आली आणि थबकली. मग रिकामा हात पुढे करून तिनं त्याचा दंड दाबून पाहिला.

"काय गो आई?" तो हसला.

तिनं आणखी एकदा दाबून पाहिलं, आणि मगच भात वाढला.