काचेजवळची टेबलं

एम.ए.साठी मी केळीच्या बागांच्या फैजपूरहून धुळ्याला आले, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयाची इमारत नवीकोरी होती. वाचनकक्षाची पश्चिमेकडची भिंत खालपासून वरपर्यंत काचेची. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. आत बसायचं होतं ते आम्हाला, आणि सगळी टेबलं त्या काचेलाच लावलेली.

एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर तिथे बसणं म्हणजे शिक्षा. ऊन थेट पानावर, अक्षरं दिसेनात. लॅपटॉपला हात लावला तर चटका बसायचा. पंखे इतके उंच की वारा वरच्या वर फिरायचा. परीक्षा तोंडावर आलेली, खोलीवर आम्ही चौघी, मग जायचं कुठे? मी आणि माझी धुळ्याचीच एक मैत्रीण कपाटांच्या मागे फरशीवर बसू लागलो. ग्रंथपाल सरांनी बघितलं.

"खुर्च्या कशाला ठेवल्यात? उठा!"

मैत्रिणीचे अब्बा टेलर. त्यांनी दुकानातल्या उरलेल्या जाड कापडाचे दोन पडदे शिवून दिले. आम्ही ते काचेच्या चौकटीला सुतळीने बांधले. दोन दिवस निवांत वाचलं. तिसऱ्या दिवशी पडदे गायब! म्हातारे शिपाई होते, त्यांना सगळे नाना म्हणत. ते हळूच म्हणाले, "साहेबनी काढाले लावं, बेटा. वंगाळ दिसस म्हने."

मैत्रिणीचं डोकं फिरलं. ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली, मी मागोमाग. आत एसी सुरू होता.

"सर, पाच मिनिटं आमच्या टेबलावर बसता का?"

सर हसले, पण आले. साडेतीन वाजले होते. तिने त्यांच्यापुढे पुस्तक उघडून ठेवलं. "एकच पान वाचा, सर."

सरांनी खुर्ची सरकवली. मग पानावर हाताची सावली धरली. मग रुमाल काढला. अर्धं पान झालं नसेल, ते उठले, "हं" म्हणाले आणि निघून गेले.

चार दिवसांनी टेबलं समोरच्या भिंतीकडे हलवलेली दिसली. पडदेही घडी घालून परत मिळाले, पुन्हा बांधायचे नाहीत या अटीवर. मैत्रिणीने माझा हात घट्ट दाबला. मग मी लॅपटॉपची वायर काढली आणि प्लग शोधू लागले. एकही नाही. सगळे प्लग काचेलगतच्या फरशीतच होते.

पुन्हा सरांकडे गेलो. ते वैतागून म्हणाले, "नकाशातच तसं आहे, तर मी काय करू? आता काय फरशी फोडू?"

मग परीक्षा होईपर्यंत आम्ही पाळी लावली. एकीने सावलीत वाचायचं, दुसरीने उन्हात चार्जिंगला लावलेले दोन्ही लॅपटॉप राखत बसायचं.

सुट्टीत घरी गेले, तर आई माझा उन्हाने रापलेला हात धरून म्हणाली, "शिकायला गेली होतीस की केळी कापायला?"

मी जेवायला वाढ म्हटलं.